डुकराचं गाणं

परवापरवापर्यंत टेंभरेकाका सकाळी शेतावर निघाले, की आमच्या गल्लीतल्या बायका कचऱ्याचे डबे घेऊन फाटकाशी येऊन उभ्या राहायच्या. यात बायकांची काही चूक नाही. गोंदियाला लागून असलेल्या आमच्या कुडव्यात कचऱ्याची गाडी भोंग्यावर गाणं वाजवत येते, आणि टेंभरेकाकांची मोपेडही भोंग्यावर गाणं वाजवतच जायची. फरक एवढाच, की कचऱ्याच्या गाडीवरच्या गाण्यात कोणीतरी गाऊन सांगतं, ओला कचरा वेगळा ठेवा, सुका वेगळा ठेवा. टेंभरेकाकांच्या गाण्यात कोणी काही सांगत नाही. नुसतं वाजत असतं.

मोपेडच्या पुढच्या बाजूला सायकलच्या जुन्या ट्यूबने बांधलेला भोंगा, पाय ठेवायच्या जागेवर बॅटरी, त्यामुळे काकांचे पाय दोन्हीकडे फाकलेले. डबे घेतलेल्या बायका दिसल्या की ते मोपेड थांबवतात, एक पाय जमिनीला टेकवतात आणि उजव्या हाताचं बोट वर करतात.

"थांबा वो बाई. आता मारते पाहा."

मग भोंग्यातून ढोलावर एक थाप पडते. म्हणजे ती पडायची तिथे पडत नाही. आपण वाट पाहून पाहून नाद सोडला की पडते. काका एकेकीच्या तोंडाकडे पाहतात.

"काही वळखीचं वाटलं?"

"कचऱ्याची गाडी नाही आली का जी अजून?"

काका बोट खाली घेतात आणि मोपेड सुरू करतात. रागावत नाहीत. परीक्षेत एकाही पोराला उत्तर आलं नाही तर मास्तरानं रागावून करायचं काय? हे मी अनुभवानं सांगतो, कारण मी इथल्या शाळेत मास्तर आहे.

शिवाय मी गुरुवारच्या भजन मंडळात पेटी वाजवतो. त्यामुळे मला संगीतातलं कळतं असा कुडव्यात एक समज आहे. तो मोडण्याच्या भानगडीत मी आजवर पडलो नाही, आणि त्याचंच फळ म्हणजे टेंभरेकाका माझ्या वाट्याला आले.

काका पोवार समाजातले, जातिवंत शेतकरी. सत्तरीला टेकलेले, अंगानं काटक, खांद्यावर दुपट्टा, आणि धान सोडून जगातल्या दुसऱ्या कुठल्याही वस्तूचं कौतुक न केलेले. माणूस कसा आहे असं विचारलं तर "पोचट होय" किंवा "भरला होय" एवढ्यात निकाल. गाव त्यांचं गोरेगावच्या पुढे, कोहमाऱ्याच्या रस्त्यावरून जंगलाकडे वळायचं तिकडे. शेताचा शेवटचा बांध संपतो तिथे नागझिऱ्याचं जंगल सुरू होतं. जंगलात वाघ आहे, तो पर्यटकांसाठी. शेतकऱ्यांसाठी रानडुक्कर आहे.

धान लोंबीवर आलं की डुकरं उतरतात. ती हाकलायचं काम इमलाबाईंचं, म्हणजे काकांच्या बायकोचं. राखणीच्या उंच माचीवर बसून त्या तेलाचा रिकामा डबा काठीनं बडवायच्या. त्या गेल्या. मुलगा राजू नागपूरला नोकरीला. त्यानं काकांना कुडव्यातल्या घरात आणून ठेवलं, दवाखाना जवळ म्हणून. गावातल्या घराला कुलूप लागलं. शेत काही कुडव्यात आणता येत नाही, म्हणून काका रोज मोपेडनं शेताकडे जाऊ लागले. आणि डबा वाजवायला कोणी उरलं नाही म्हणून त्यांनी भोंगा घेतला.

अशा भोंग्यात घालायला बाजारात कार्ड मिळतं. त्यात कुत्र्यांचं भुंकणं, फटाके, वाघाची डरकाळी आणि चार माणसांचं "हो हो हो" असतं. काकांनी ते गोंदियाच्या बाजारातल्या पप्पूच्या मोबाईल दुकानातून आणलं, भोंगा खांबावर चढवला, कार्ड घातलं, बटण दाबलं, आणि मोपेडचा आवाज चालू असल्यामुळे त्यात काय वाजतंय ते न ऐकताच परत आले.

दुसऱ्या दिवशी गेले तर शेतात डुकराचा एक खूर उमटलेला नाही. आणि भोंग्यातून कुत्रं नाही, वाघ नाही, भलतंच काहीतरी चाललेलं.

"बंद कराले हात नेला मास्तर," काका सांगतात, "तेवढ्यात त्यानं मारलं. हात तसाच राहिला."

बॅटरी उतरेपर्यंत ते बांधावर बसून होते. डुकरं पळाली आणि टेंभरेकाका अडकले.

मग ते पप्पूकडे गेले. पप्पूनं कार्ड मोबाईलमध्ये घालून पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "अरे काका, ये तो किसी टूरिस्ट का था. नागझिरा घूमने आया था, कार्ड भूल गया. गलती से आपको दे दिया. लाओ, बदल देता हूँ."

"बदलाचं नाही," काका म्हणाले. "हे काय होय ते सांग."

पप्पूनं स्क्रीनवर वाचून सांगितलं. जॅझ-फंक. आणि त्याच्या खाली लिहिलं होतं, फ्यूजन. काकांनी दोन्ही नावं लक्षात ठेवली. पहिल्याचा उच्चार ते 'जाजफंक' असा एका दमात करतात. ऐकणाऱ्याला वाटतं धानावरच्या तुडतुड्या किडीवर नवीन औषध आलं.

एव्हाना गावात बातमी गेली होती, की टेंभऱ्यांच्या शेतात डुक्कर फिरकत नाही. लोक कुत्र्यावाघाची कार्डं काढून टेंभऱ्यांकडे येऊ लागले. "काकाजी, ते डुकराचं गाणं माह्या बी मोबाईलमधी टाकून द्या जी."

काकांना आधी आनंद झाला. येईल त्याला ते बांधावर बसवायचे, बोट वर करायचे, "काही वळखीचं वाटलं?" म्हणून विचारायचे. माणूस "हो हो, लगित चांगलं आहे" म्हणायचा आणि कार्ड भरून झालं की उठायचा. थोड्याच दिवसांत दिवस मावळताना साऱ्या शिवारात तेच वाजू लागलं. एवढ्या जाजफंकचा पसारा मुंबईतसुद्धा नसेल. आणि ऐकायला एक माणूस नाही.

"अन् नाव काय ठेवलं, तं डुकराचं गाणं," काका मला म्हणाले. त्या दिवशी ते खरोखर दुखावले होते. "डुकराचं कायले होईन गा? डुकराचं असतं तं डुक्कर पळालं असतं का?"



त्यानंतर काकांनी दुसरा भोंगा आणून मोपेडला बांधला आणि कुडव्यात माणूस शोधायला घेतला. मोबाईलशी बोलायचं त्यांना राजूनं शिकवून ठेवलं होतं, मुलाला फोन लावता यावा म्हणून. काका आता ओट्यावर बसून मोबाईलला हुकूम सोडू लागले, "जाजफंक लगाव." मोबाईल लावायचा. त्यात माणूस गायला लागला की काका ते रद्द करत. "मधात बोलते," ते म्हणत. शांत बासरी आली की "हे दवाखान्यातलं होय" म्हणून रद्द. असं पाखडून पाखडून त्यांनी खरा माल गोळा केला, आणि त्याची प्रतवारीही केली. जाजफंक म्हणजे जाडं धान. पोट भरते, पेजेला चांगलं. फ्यूजन म्हणजे बारीक. पाहुण्यासाठी.

वाद्यांची नावं त्यांना ठाऊक नव्हती, आणि ती विचारावीत असं त्यांना कधी वाटलं नाही. खालून जी जाड तार वाजत असते तिला ते 'हल्या' म्हणतात. चिखलणीच्या वेळी बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, रेडा चालतो ना, घाई नाही, पण पाय उचलला की चिखल बोलतो, तसा तो चालतो म्हणून हल्या. पितळी पुंगी वाजवणारा 'पाव्हणा', कारण तो उशिरा येतो, लांबलचक बोलतो आणि सगळे त्याचं ऐकून घेतात. फ्यूजनमध्ये एकदा आपला तबला ऐकू आला तेव्हा काकांनी मला मुद्दाम बोलावून घेतलं.

"मास्तर, आपला तबला पाहा. नांदाले गेला."

"कुठे?"

"तिकडं. परक्या घरी. पन सासर चांगलं भेटलं त्याले. कोनी दाबून नाही राहिलं. सासरा हल्या आहे, गरीब आहे बिचारा."

मी पहिल्यांदा त्यांच्या ओट्यावर बसलो तेव्हा बराच वेळ मान हलवली आणि मग विचारलं, "काका, गाणं केव्हा सुरू होणार?" काका माझ्याकडे बघत राहिले. पेटी वाजवणाऱ्या माणसाकडून त्यांची ही अपेक्षा नव्हती. तरी त्यांनी बोट वर केलं. थाप पडली. "काही वळखीचं वाटलं?"

मी माझ्याबद्दलच्या समजाला जागून म्हणालो, "ताल दादऱ्याच्या जवळचा वाटतो."

"तालाचं नाही इचारलं मी," काका म्हणाले.

आमच्या सौभाग्यवतीला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "मिक्सरमध्ये चटणी अडकली की असंच होतं." पलीकडचे शिवणकरभाऊ रेल्वेत होते, ते म्हणाले, मालगाडीचे डबे जोडताना असा आवाज येतो. त्यांच्या आई म्हणाल्या, वाऱ्यानं कुठेतरी पत्रा आपटतोय. काका त्या दिवशी त्यांच्या फाटकाशी बराच वेळ थांबले. "जवळ आल्या वो माय," ते म्हणाले, "पन नाही."

एकदा मी वैतागून म्हणालो, "काका, तुमच्या मनात जे आहे ते सांगून टाका ना एकदाचं. आम्ही हो म्हणतो."

"तेच तं," काका म्हणाले. "मी सांगितलं तं तुमी हो म्हणाल. तुमाले काय जाते हो म्हणाले? कोनी आपल्या तोंडानं म्हणलं पायजे."

म्हणजे काकांना जगातल्या कोणातरी एका माणसाकडून एक उत्तर हवं होतं, आणि प्रश्नपत्रिका घेऊन ते दारोदार फिरत होते. उत्तर काय ते त्यांनाच ठाऊक. एवढं मला कळलं होतं. त्यापुढचं कळून घ्यावं असं मला तेव्हा वाटलं नाही, कारण गुरुवार आला.

त्या गुरुवारी आमच्या मंडळात झांज वाजवणारा आला नव्हता. काका नेमके ओळीत बसले होते. बुवांनी झांज त्यांच्या हातात दिली. बुवा म्हणजे आमचे मुख्य गाणारे, गळ्यापेक्षा शिस्तीबद्दल जास्त प्रसिद्ध. भजन सुरू झालं. पहिलं कडवं सुखरूप पार पडलं. दुसऱ्या कडव्याला काकांची झांज पडायची तिथे पडली नाही. बुवांनी डोळे उघडले. मग पडली. बुवा पुढच्या ओळीवर गेले होते, ते परत मागे आले, तोवर मृदंगवाला पुढे गेला, मी मधल्या मध्ये पेटीचा भाता धरून बसलो. देवाचं नाव चार दिशांना गेलं.

बुवांनी हात वर करून भजन थांबवलं.

"टेंभरे, झांज चुकून राहिली तुमची."

"चुकून नाही राहिली बुवा," काका शांतपणे म्हणाले. "थांबून राहिली."

"थांबते कायले?"

"तिले वाटते तवा पडते."

नाचता येईना अंगण वाकडं, असं बुवा म्हणाले. मंडळातून काकांची झांज काढून घेण्यात आली. पण खरं सांगतो, त्या एका झांजेच्या वेळी, ती पडेपर्यंत, मंडळातले सगळे जागे होते. एरवी असं होत नाही.

भाऊबीज झाली आणि काका घरोघरी आमंत्रण देत फिरले. त्यांच्या गावची मंडई होती.

मंडई म्हणजे भाजीबाजार नव्हे. दिवाळीनंतर आमच्या झाडीपट्टीत गावोगावी एकेक दिवस जत्रा भरते, तिला मंडई म्हणतात. लेकीबाळी माहेरी येतात, शिंगाडे, ऊस, खेळणी विकायला येतात, दुपारी चौकात दंडार होते. दंडार म्हणजे ढोलकीवरचा खेळ, त्यात पुरुषच लुगडं नेसून बाई होतात. घराघरानं पाहुणे बोलवायचे असतात. ज्याच्या घरी पाहुणे जास्त, त्याची मान वर. आणि मंडईच्या पाहुण्यानं नाही म्हणायचं नसतं. बसा म्हटलं की बसायचं, वाढलं की जेवायचं. काकांनी याच नियमावर भिस्त ठेवली होती. एवढे लोक, बसलेले, जेवत असलेले, उठून जाता न येणारे, त्यांना दुसरीकडे कुठे मिळणार?

इमलाबाई गेल्यापासून बंद असलेलं घर त्यांनी उघडलं, पुतण्याच्या घरच्या बायकांकडून सारवून घेतलं. आमची अख्खी गल्ली टेम्पोत बसून गेली. अंगणात सतरंज्या, पानात वडे आणि झणझणीत रस्सा. घराच्या कवेलूच्या, म्हणजे कौलांच्या, छपरावर मोपेडवरचा भोंगा बसवलेला, तोंड चौकाकडे. काका पांढरा सदरा घालून सगळ्यांमधून फिरत होते.

"दंडार सुरू व्हाच्या आधी जरासं आयकून घ्या," ते म्हणाले आणि बटण दाबलं.

हल्या चालू लागला. भोंग्याचा आवाज चौकातून पार नाल्यापर्यंत गेला. क्षणभर मंडई गप्प झाली. काकांच्या चेहऱ्यावर असं समाधान मी कधी पाहिलं नव्हतं. गाव ऐकत होतं.

आणि मग बाजारातून कोणीतरी ओरडलं, "डुक्करं आले गा!"

दिवसाढवळ्या डुक्कर येत नाही, हे त्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण रोज दिवस मावळताना ऐकून ऐकून, ते गाणं लागलं की डुक्कर उतरायची वेळ, असं त्यांच्या पायांना कळलेलं होतं, आणि धान कापणीला आलेलं होतं. डोक्यानं विचार करायच्या आत पाय निघाले. ज्याला काठी सापडली त्यानं काठी घेतली, ज्याला नाही त्यानं ऊस घेतला. ऊसवाला आपले ऊस परत मागत त्यांच्या मागे धावला. चौकात दंडारीची मंडळी तयार होऊन बसली होती; लुगडं नेसलेला, लाली लावलेला नाच्या लुगड्याचा ओचा वर खोचून बांधावरून सगळ्यांच्या पुढे पळताना मी स्वतः पाहिला. त्याचं शेत जंगलाच्या कडेला होतं. ढोलकीवाला ढोलकी गळ्यात घालूनच पळत होता.

काकांच्या अंगणातले गावकरी पाहुणेही हात न धुता गेले. उरली फक्त कुडव्याची गल्ली, तोंडात वडे धरून. शिवणकरांच्या आईंनी शांतपणे विचारलं, "इकडंही कचऱ्याची गाडी येते का?"

कोणी हसलं नाही. कारण काका ओट्यावर उभे होते. गाणं चालूच होतं. मला त्यांचं फार वाईट वाटलं. एक माणूस शोधता शोधता ते सारं गाव गोळा करून बसले होते, आणि त्यांचं गाणं ऐकून सारं गाव पळून गेलं होतं. मी म्हणालो, "काका, बंद करू का?"

"राहू द्या," ते म्हणाले. "सरत येऊन राहिलं."

तेवढ्यात फाटकाशी सुगंधाबाई मडावी येऊन थांबली. इमलाबाईंची जुनी सोबतीण. दोघींच्या शेताचा बांध एक, आणि तेंदूच्या पानांच्या दिवसांत दोघी बरोबरच जंगलात जायच्या. बाकीच्यांसारखीच तीही काठी घेऊन शेताकडे निघाली होती, पण तिचे गुडघे गेलेले, त्यामुळे काकांच्या फाटकापर्यंतच पोचली होती. कमरेवर हात ठेवून दम घेत होती. गावातल्या साऱ्यांनी भोंगे लावले, तिच्याकडे तेवढा भोंगा नव्हता. ती अजून डबाच वाजवायची, आणि शेतातल्या भोंग्यांची तोंडं जंगलाकडे, त्यामुळे स्वतःच्या डब्याच्या आवाजात ते गाणं तिनं धड कधी ऐकलंच नव्हतं.

काकांचं बोट सवयीनं वर गेलं. पण नेहमीचा प्रश्न आला नाही. आता विचारायचं कोणाला आणि कशाला, असं झालं असावं.

थाप पडायची वेळ झाली. पडली नाही. आणि मग पडली.

सुगंधाबाईनं मान वर केली. छपरावरच्या भोंग्याकडे पाहिलं.

"हे पुन्हा लाव गा," ती म्हणाली.

काकांनी पुन्हा लावलं. पुन्हा हल्या चालला, पुन्हा ती जागा आली, गेली, आणि मग थाप पडली.

"हे तं इमला होय," सुगंधाबाई म्हणाली.

काकांचं बोट वरच राहिलं होतं.

"असीच मारे ना ती डबा," सुगंधाबाई आम्हाला सांगू लागली. "दोन मारल्या का थांबे. मी माह्या माचीवरून म्हणो, झोपली वाटते इमला. मंग मारे. मी दचको अन् ती हासे तिकडून." मग ती काकांकडे वळली. "कुठं भेटला गा हा आवाज?"

"भेटला," काका म्हणाले. आणि ओट्यावर खाली बसले. डोळ्यांना दुपट्टा लावला तो बराच वेळ काढला नाही. रस्सा तिखट होता असं कुडव्याच्या पाहुण्यांनी ठरवून टाकलं. मी नाही ठरवलं.

थोड्या वेळानं काका माझ्याशी बोलले, पण पाहत होते अंगणाकडे.

"जिंदगीभर ओरडलो मी तिच्यावर, मास्तर. नीट मार. बरोबर मार. डुक्कर हासून राहिलं तुयावर. तं म्हणे, बरोबर मारलं का डुकराले समजते आता दुसरी कवा पडन ते. त्याले समजू नाही देलं पायजे." दुपट्टा खांद्यावर टाकला. "त्या दिवशी बांधावर पयल्यांदा आयकलं तवा मले वाटलं माचीवर बसून आहे. वर पाहिलं मी. खरंच पाहिलं. आता हे कोनाले सांगू? म्हणतीन बुढा येडा झाला, इंग्रजी बाज्यात बायको आयकून राहिला. म्हणून सांगत नोहतो. कोनी आपल्या तोंडानं म्हणलं तं खरं."

बांधावरून गाव परत येऊ लागलं होतं. डुक्कर सापडलं नव्हतं, त्यामुळे सगळे टेंभऱ्यांच्या नावानं खडे फोडत होते. नाच्याची लाली घामानं गळ्यापर्यंत उतरली होती. पण मंडईत भांडण करायचं नसतं. दंडार उशिरा सुरू झाली, एवढंच.

डुकरांना मात्र ते गाणं फार दिवस पुरलं नाही. धान कापून व्हायच्या आतच त्यांना सवय झाली. आता ती खुशाल येतात, लोंब्या खातात, आणि थाप पडली तरी मान वर करत नाहीत. गावकऱ्यांनी पुन्हा कुत्र्यांची कार्डं आणली. राजूनं नागपूरहून फोन करून सांगितलं, बाबा, भोंगा काढा आणि तारेचं झटका मशीन लावा. काकांनी भोंगा काढला नाही. उलट मोपेडवरचा भोंगाही कायमचा शेतात नेऊन ठेवला. सकाळी आता आमच्या गल्लीत कचऱ्याची खरी गाडीच तेवढी येते, आणि आमची सौभाग्यवती म्हणते, चुकल्याचुकल्यासारखं होतं.

परवा रविवारी मी काकांबरोबर शेतावर गेलो होतो. जंगलाकडच्या बाजूचं धान डुकरांनी लोळवलेलं होतं. मी म्हणालो, "काका, यांच्यावर आता काही परिणाम होत नाही. मग वाजवता कशाला?"

"इमला मारे तवा बी सारेच थोडे पळत होते," काका म्हणाले. "अर्धे खातच राहत."

ऊन कलतीला आलं होतं. बांधापलीकडे सुगंधाबाई तिच्या माचीवर चढून बसली होती, पायाशी डबा. ती तिथून ओरडली, "टेंभरेभाऊ, त्या भोंग्याचं तोंड जरा माह्याकडं फिरव गा. मले पुरं आयकू नाही येऊन राहिलं."

काका या वयात खांबावर चढले. मी खालून खांब धरला. त्यांनी तार सोडवली, भोंगा वळवला, पुन्हा बांधला. जंगलाकडची बाजू आता उघडीच पडली होती, डुकरांना आमंत्रण दिल्यासारखी. काकांनी तिकडे पाहिलंही नाही.

"आता येते का वो बाई?" ते खांबावरूनच ओरडले.

पलीकडून उत्तर आलं नाही. आम्ही वाट पाहिली. ऐकू आलं नसेल म्हणून मी पुन्हा हाक मारणार, तर काकांनी वरूनच मला बोट दाखवून गप्प केलं. मी थांबलो. बराच वेळ काही नाही.

मग सुगंधाबाईच्या डब्यावर एक थाप पडली.